दोनपासून पुढे

टण्.

स्टीलच्या ताटलीत वाळका वाटाणा पडला आणि दुपारच्या सामसूम घरात तेवढाच आवाज घुमला. मी श्वास धरून बसले. समोर माझी पावणेपाच वर्षांची मुलगी, संस्कृती, मांडी घालून बसली होती. तिने वाटीतून वाटाणा उचलला होता, कपाळाला टेकवला होता आणि ताटलीत टाकला होता. आता फक्त बोलायचं राहिलं होतं. म्हण बाळा, मी मनातल्या मनात विनवत होते, एक म्हण. एवढं एक म्हण.

दुसरा वाटाणा पडला. टण्.

"दोन," संस्कृती म्हणाली.

मग तीन, चार, पाच, थेट नऊपर्यंत, न अडखळता. वाटाणे नऊच होते, म्हणजे उत्तर बरोबर आलं होतं. फक्त सुरुवात नव्हती. पाया न घालता कुणी दुसरा मजला बांधावा आणि तो उभा राहावा, तसं काहीतरी माझ्या डोळ्यांदेखत रोज होत होतं.

या प्रकरणाची सुरुवात डायरीत झाली. छोट्या गटाच्या सायली मिसनी लाल पेनाने लिहून पाठवलं होतं : "संख्याज्ञान कच्चे. एक येत नाही. पालकांनी भेटावे." मी तीन वेळा वाचलं. मुलांना सतरा येत नाही, एकोणीस येत नाही, एकोणतीस तर मलाही लग्नानंतर आलं. पण एक?

"एक येत नाही म्हणजे दोन येतं?" मी दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन विचारलं.

"दोनपासून वीसपर्यंत खडाखडा येतं," सायली मिस म्हणाल्या. मुलगी गोड, वयाने माझ्याहून लहानच. "पहिल्या ठोकळ्याला गप्प बसते. हात कपाळाला लावते आणि दोनवर जाते."

"इंग्रजीतून विचारून बघा ना."

"बघितलं. टू, थ्री, फोर."

मग त्यांनी मला समजावलं. घाबरायचं कारण नाही. पंधरा दिवसांनी, शनिवारी, त्या पुन्हा एकदा सगळ्या कच्च्या मुलांना बघणार होत्या. तेव्हाही असंच असलं तर संस्कृतीला आणखी एक वर्ष छोट्या गटात ठेवू. "तिच्याच भल्यासाठी, मॅडम."

हे शब्द मी ओळखते. नववीत आमच्या गणिताच्या सरांनी वडिलांना बोलावून हेच ऐकवलं होतं. पुढे दहावीला मला गणितात पस्तीस पडले, त्यातलेही काही बोर्डाने दयेपोटी घातलेले. तेव्हापासून भाजीवाल्यापुढेसुद्धा मी हिशेब करतेय असा नुसता चेहरा करते. नाक माझं, केस माझे, हट्ट माझा, एवढं सगळं पोरीने घेतलंच होतं. हेही घेतलं की काय, या विचाराने घरी येईपर्यंत माझे पाय जड झाले.

माझा नवरा रविराज साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. उसाच्या रसात साखर किती, हे तो दोन दशांश स्थळांपर्यंत सांगतो. चहात किती घालू विचारलं, तर म्हणतो, घाल अंदाजे.

"येईल गं," तो बूट काढता काढता म्हणाला. "मलापण उशिराच आलं."

"काय उशिरा आलं?"

"सगळंच," असं म्हणून तो झोपला. गळीत हंगामात त्याच्याशी होणारं आमचं संभाषण साधारण एवढंच असतं.

तेव्हा प्रकल्प माझ्या एकटीच्या गळ्यात पडला. मी मोबाईलवर व्हिडिओ बघितले. त्यात एक शांत चेहऱ्याच्या बाई सांगत होत्या की, मुलांना आकडे घोकायला लावू नका, घरातल्या कामातून विचार करायला शिकवा. मोजे जुळवू द्या, ताटं मांडू द्या, लहानमोठं लावू द्या, सारखं-वेगळं ओळखू द्या. बाईंचं स्वयंपाकघर एवढं स्वच्छ होतं की तिथे कुणी विचाराशिवाय दुसरं काही करत असेल असं वाटत नव्हतं. मी ठरवलं, आपणही करायचं.

पहिला दिवस वर्गीकरणाचा. मी उत्साहाच्या भरात परातीत वाटाणे, मूग, तूरडाळ, हरभऱ्याची डाळ आणि हुलगे एकत्र ओतले आणि म्हटलं, "हं, आता सारखे सारखे वेगळे कर." संस्कृतीने परात जरा तिरकी केली, बराच वेळ बघितलं, आणि कामाला लागली. पाऊण तासाने तिने दोन ढीग केले. एकात वाटाणे आणि मूग. दुसऱ्यात दोन्ही डाळी आणि हुलगे.

"असं नाही बाळा. पाच ढीग हवेत."

"दोनच हायत," ती म्हणाली. "ही पळणारी. ही बसणारी."

मी परात तिरकी करून बघितली नाही. मी म्हटलं, "चूक," आणि नव्याने मिसळलं. आज हे लिहिताना माझी मान खाली जाते. त्यानंतरचे चार दिवस आमच्याकडे पंचधान्याची उसळ होती आणि रविराज प्रत्येक घासाला दाताखाली काय आलं ते ओळखून सांगत होता. घरात वर्गीकरण फक्त त्यालाच जमलं म्हणायचं.

दुसरा धडा लहान ते मोठं. तो मात्र तिला एकदम आवडला. चमचे, वाट्या, उशा, सगळं ओळीत लागलं. मी मैत्रिणीला फोन करून सांगितलंसुद्धा की, सुधारणा आहे. त्याच संध्याकाळी समोरच्या कोंडीराम तात्यांकडे त्यांच्या नातीला बघायला पाहुणे आले होते. तात्या म्हणजे निवृत्त ग्रामसेवक, सगळ्या कॉलनीचे न नेमलेले अध्यक्ष. आत पोह्यांचा कार्यक्रम रंगला होता आणि बाहेर पाहुण्यांच्या चौदा चपला-बूट कसेही पडले होते. ते कुणा मुलीला बघवेल?

पाहुणे बाहेर आले तेव्हा जिन्याच्या पायऱ्यांवर, सगळ्यात खाली लहान आणि वर चढत मोठं, अशी डाव्या पायांची सुरेख रांग लागलेली होती. उजवे पाय फाटकापासून नळापर्यंत, त्याच क्रमाने. नवऱ्या मुलाचे मामा एका पायात बूट घालून लंगडत फाटकापर्यंत गेले आणि तिथे त्यांना दुसऱ्याच कुणाचा तरी सापडला.

"कुणाचं काम हे?" तात्यांनी गॅलरीकडे बघून विचारलं.

तिथे मीच उभी होते, खरकट्या हातांनी. "तात्या, ते... तिचा अभ्यास चालू आहे. क्रमवारी."

"क्रमवारी," तात्यांनी मामांना समजावलं. "हल्लीचा अभ्यासक्रम."

पाहुण्यांचा होकार अजून आलेला नाही. तो चपलांमुळे अडलाय असं कुणी म्हणत नाही, पण तात्यांच्या सूनबाई मला हल्ली कढीपत्ता मागत नाहीत.

तात्या मात्र मोठ्या मनाचे. दुसऱ्या दिवशी स्वतःच काठी टेकत आले. "पंकजा, तुझं ते व्हिडिओचं गणित ऱ्हाऊ दे. आमच्या वेळी पावकी-निमकी पाठ असायची. पाव, निम्मा, पाऊण, सव्वा, दीड. पाया पक्का. पोरगी माझ्याकडं धाड रोज अर्धा तास."

मी धाडली. तीन दिवसांत पोरीला पाव आला, अर्धा आला, पाऊण आला. इतका आला की जेवताना "पाऊण भाकरी" मागायला लागली आणि मी अंदाजे तोडून दिली तर ताटातला तुकडा परत करायला लागली. चौथ्या दिवशी तात्या तिला घेऊन आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

"विचित्र बुद्धी आहे," ते म्हणाले. "पाव, निम्मा, पाऊण येतं. सव्वा, दीड येतं. शेंगा मोजायला दिल्या की दोनपासून. पूर्ण एक तेवढा गाळती. चाळीस वर्षं नोकरी केली, असली गळती बघितली न्हाई मी."

हे शेजारच्या रतनबाईंनी जिन्यातून ऐकलं. त्यांचं वय झालंय, पण लक्ष सगळीकडे. "आगं, आकडं सोड," त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोरगी मोजाया बसली की कपाळाला हात लावती, बघितलंस का? डोकं दुखत आसंल तिचं. डोळं तपास आधी. माझ्या भाचीची पोर अशीच करायची, आन् नंबर निघाला मोठा."

रात्रभर मला झोप नाही. पहिला वाटाणा तिला दिसतच नसेल! दिसत नाही म्हणून मोजत नसेल! सकाळी उठून असंही वाटलं की मग दुसरा कसा दिसतो. पण काळजी एकदा पदर खोचून उभी राहिली की असल्या शंकांना दारात उभं करत नाही.

नेमकं त्याच आठवड्यात कुठल्याशा ट्रस्टचं मोफत नेत्रतपासणी शिबिर मंगल कार्यालयात होतं. दारातल्या टेबलावर एक गृहस्थ नावं लिहीत होते.

"वय?"

सरळ पावणेपाच म्हणायचं. पण पोरगी शेजारी होती, अभ्यास चालू होता, संधी सोडायची नाही असं व्हिडिओतल्या बाईंनी बजावलं होतं. मी स्पष्ट उच्चारात म्हटलं, "चार पूर्णांक पंच्याहत्तर."

गृहस्थांनी वर न बघता लिहिलं आणि कार्ड माझ्या हातात दिलं. संस्कृती रविराज, वय ७५. रांग क्रमांक तीन, मोतीबिंदू.

मी परत वळले, तर ते म्हणाले, "दुरुस्तीला आयोजकांची सही लागते."

"आयोजक कुठे आहेत?"

"स्टेजवर. सत्कार चालू आहे."

सत्कार दीड तास चालला. तोवर माझ्या मुलीला ज्येष्ठ नागरिक म्हणून खुर्ची मिळाली, बिस्किटं मिळाली, आणि शेजारच्या आजीबाईंशी तिची चांगली गट्टी जमली.

"तुजं आपरेशन कवा हाय गं बाय?" आजींनी विचारलं.

"शनिवारी," संस्कृती म्हणाली.

मी तोंड फिरवून पदराने डोळे पुसले. हसू आलं होतं की दुसरं काही, ते मला आजही सांगता येत नाही. म्हणजे तिला कळत होतं. शनिवारी आपलं काहीतरी आहे, आईला त्याची भीती वाटतेय, हे सगळं ती खुर्चीवर पाय हलवत बिस्कीट खाता खाता जाणून होती.

डॉक्टरांनी तिला तपासलं, समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा दाखवून बघितलं. "हिचे डोळे उत्तम आहेत. तुम्ही जरा इकडे बसा बरं, मघापासून कार्ड लांब धरून वाचताय." आम्ही घरी आलो तेव्हा चष्म्याचा नंबर निघालेला होता. माझा.

शेवटचे तीन दिवस मी वाईट आई होते, हे लिहून टाकते. संस्कृती आत्ता झोपली आहे, तेवढ्यात. मी ताटली आणि वाटाणे घेऊन तिच्या मागे घरभर फिरले. एक म्हण. का नाही म्हणत? म्हणजे "का" हा शब्द मी वापरला, पण तो विचारण्याचा नव्हता, दटावण्याचा होता. एक बिस्कीट घे म्हटलं की घ्यायची (नंतर अजून एक घ्यायची, पण तो गणिताचा भाग नाही). नुसतं "एक" म्हणून दाखव म्हटलं की म्हणायची. मोजायला बसलं की पहिला वाटाणा कपाळाला, आणि ओठ बंद. गुरुवारी मी ताटली आपटली. तिने सगळे वाटाणे गोळा करून वाटीत भरले, वाटी माझ्यापुढे ठेवली आणि कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवारी दुपारी जामखेडच्या एसटीने आत्या आल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, भागिरथीबाई. गावाकडची नवी ज्वारी निघाली होती, तिचं पोतं कंडक्टरच्या मदतीने उतरवून, रिक्षात घालून, घामाने डबडबून त्या दारात उभ्या. दिवाळीनंतर मी टायफॉइडने महिनाभर अंथरुणावर होते, तेव्हा संस्कृती त्यांच्याकडेच होती. आजीला बघून ती कोपऱ्यातून अशी सुटली की जणू मी तिला बांधूनच ठेवलं होतं.

चहा झाला. आत्यांनी चटई अंथरली, पोत्याची शिवण उसवली, पिशवीतून त्यांचं लोखंडी मापटं काढलं. त्या धान्य कधी मोजल्याशिवाय डब्यात घालत नाहीत. संस्कृती त्यांच्या गुडघ्याला चिकटून बसली. मी दारात उभी राहून उद्याचा विचार करत होते.

आत्यांनी मापटं ज्वारीत खुपसलं, काठोकाठ भरलं, हाताने सपाट केलं. मग ते उचलून कपाळाला लावलं. ओठ जरासे हलले. आवाज आला नाही. ज्वारी डब्यात पडली.

दुसरं मापटं. "दोन," आत्या म्हणाल्या.

"दोन," संस्कृती म्हणाली.

मी दाराची चौकट धरली. "आत्या, पहिल्याला काय म्हणालात?"

"लाभ," आत्या म्हणाल्या. "पहिल्या मापाला एक म्हनू न्हाई, लाभ म्हनावं. धान्याला एक म्हटलं की एवढंच हाय म्हटल्यावानी हुतं. आमच्यात मनात म्हनत्यात. तुमच्यात न्हाई व्हय?"

माझं माहेर शहरातलं. आमच्यात धान्य पिशवीतून यायचं, छापील वजनाचं. मी खाली बसले आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा माझ्या मुलीला विचारलं, म्हणजे खरंच विचारलं, "सानू, तू पहिल्याला काय म्हणतेस?"

"लाभ," ती हळूच म्हणाली, आणि आजीकडे बघितलं, मोठ्याने म्हटलं म्हणून रागावते का ते.

तेवढ्यात रविराज कामावरून आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, लाभच ना ते. कपाळाला लावताना मी बघितलंय की तिला. मला वाटलं तूच शिकवलंयस, अभ्यासाला नमस्कार वगैरे." मी त्याच्याकडे माझ्या नव्या चष्म्यातून बघितलं. तो मुकाट्याने आंघोळीला गेला.

आत्यांना शाळेचं सांगावंच लागलं. त्यांचा हात मापट्यातच थांबला. "म्हंजी माझ्यापायी पोरगी मागं बसायची?" त्या म्हणाल्या. आवाज एकदम बारीक झाला. मला वाटलं, आता यांची समजूत घालायला शब्द कुठून आणू. पण त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि नातीला जवळ ओढलं. "ऐक गं. शाळंचं ठोकळं आपलं न्हाईत. ते मास्तरनीचं हायत. ते वाढाया नगंत. त्यास्नी एक म्हटलं तरी चालतंय. काय?"

संस्कृतीने विचार केला. "आन् कपाळाला?"

"लाव की. कपाळ तर आपलं हाय."

शनिवारी मी वर्गाच्या मागच्या छोट्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला टेकवून बसले होते. सायली मिसनी सात ठोकळे मांडले. संस्कृतीने लाल उचलला, कपाळाला लावला. मिसनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. दहावीचा निकालसुद्धा मी एवढं खाली बघून ऐकला नव्हता.

"एक," संस्कृती म्हणाली. एवढ्या मोठ्याने की शेजारच्या वर्गातलं गाणं थांबलं.

सातपर्यंत झालं. मिसनी दोन ठोकळे झाकून "आता?" विचारलं, त्याचंही उत्तर आलं. मग मी त्यांना लाभाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, आमची आजीपण म्हणायची. नगरला हॉस्टेलला गेले आणि विसरले बघा मी." त्यांनी लाल पेन बाजूला ठेवून निळ्याने डायरीत लिहिलं : मोठा गट.

परत येताना माझे पाय इतके हलके होते की मला रस्ता कळत नव्हता. कारखान्याच्या वळणावर उसाने भरलेला ट्रॅक्टर आला आणि आम्ही कडेला थांबलो. मागे दोन ट्रॉल्या, त्यांच्या मागे दुसरा ट्रॅक्टर, त्याच्याही दोन. धूळ, पाचट, करकर. मी सवयीने, खरं तर नुसत्या आनंदाने, म्हटलं, "सानू, किती ट्रॉल्या गं?"

तिने माझं बोट धरून शेवटच्या ट्रॉलीपर्यंत मान फिरवली. "एक, दोन, तीन, चार," ती म्हणाली. मग बराच वेळ त्या लांब जाणाऱ्या उसाकडे बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "आपण मोजायच्या आधी त्या किती असतात?"